घरातला पुरुष गप्प झालाय: काय बघायचं, काय बोलायचं, कुठे न्यायचं

रानमोडी
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतले जवळजवळ ७२ टक्के पुरुष. राज्यांमध्ये सगळ्यांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६. व्यवसायाप्रमाणे पाहिलं तर सगळ्यांत मोठा गट रोजंदारीवाल्यांचा, आणि निम्म्या नोंदी ‘कौटुंबिक अडचणी’ आणि ‘आजारपण’ या दोनच रकान्यांत आहेत. म्हणजे परकं किंवा अचानक असं काही नाही. घरातल्यांना दिसत होतं तेच, फक्त त्याला काय म्हणायचं आणि पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं.

‘पुरुषांनी मोकळं व्हावं’ एवढं सांगून कुणाचं भागत नाही. उद्या सकाळी वापरता येईल अशी माहिती इथे एकत्र यावी म्हणून हा धागा. दवाखान्यात, समुपदेशनात, औषधाच्या दुकानात, गावपातळीवर काम करणाऱ्यांनी नेमकं लिहा. अनुभवकथनं नकोत, कृती लिहा.

सदाफुली
लक्षणांपासून सुरुवात करते, कारण चुकतं तिथेच.

पुरुष ‘मला उदास वाटतंय’ असं सांगत दवाखान्यात येत नाही. तो ‘डोकं जड असतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘पोट साफ होत नाही’, ‘कंबर धरली’, ‘झोपेची गोळी लिहून द्या’ असं सांगत येतो. ईसीजी नॉर्मल येतो, ॲसिडिटीची गोळी मिळते, तो घरी जातो. दोन महिन्यांनी दुसरा डॉक्टर, परत ईसीजी. तिसऱ्यांदा नॉर्मल रिपोर्ट हातात आला की घरचे म्हणतात, ‘बघ, तुला काहीच झालेलं नाही.’ ‘काहीच झालं नाही’ याचा अर्थ त्याच्या लेखी ‘मी नाटक करतोय’ असा होतो.

घरच्यांना दिसणाऱ्या गोष्टी अशा: पूर्वी न चिडणारा माणूस भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतो. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. जेवण कमी होतं किंवा उगाच येता-जाता खाणं वाढतं. गाडी बेफाम चालवतो. सुट्टीच्या दिवशीही कामावर जातो, कारण घरी बसलं की डोकं फिरतं. आठवड्यातून एकदा पिणारा रोज पितो. मित्रांच्या ग्रुपवर गप्प, क्रिकेटवरसुद्धा काही बोलत नाही. यांतलं एखादं चार दिवस असणं वेगळं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यामुळे काम किंवा घर बिघडत असेल तर ते आजाराच्या बाजूला गेलं असं धरा.

नऊ प्रश्नांची एक साधी चाचणी आहे, पीएचक्यू-९. मराठीतही वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे जायचंच. मात्र नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तिथे एक गुण आला तरी बाकीची बेरीज बाजूला ठेवा आणि त्या उत्तरावर बोला. चाचणी म्हणजे निदान नव्हे, पण ‘टेन्शन आहे’ या धूसर शब्दाऐवजी डॉक्टरसमोर ठेवायला हातात एक आकडा मिळतो आणि पुरुषांना तो सोपा जातो.

शिवाय पहिल्या भेटीत थायरॉइड, बी-१२, साखर आणि हिमोग्लोबिन बघून घ्यावं. थायरॉइड कमी असेल तर थकवा आणि उदासी हुबेहूब तशीच दिसते. रक्तदाबाची किंवा दुसरी कुठली औषधं चालू असतील तर चिठ्ठी सोबत न्यावी.

पाणंद
बोलायला सुरुवात कशी करायची? ‘काय झालंय’ विचारलं की ‘काही नाही’ हे ठरलेलं उत्तर.

तिठा
कारण ‘काय झालंय’ या प्रश्नाला त्याच्याकडेही उत्तर नसतं. प्रश्न विचारू नका, दिसलेलं सांगा. ‘तीन आठवडे झाले, तू रात्री आमच्यासोबत जेवायला बसला नाहीस. काल पहाटे तू गॅलरीत उभा होतास, मला दिसलं.’ एवढं बोलून थांबा. पुढचा अर्धा मिनिट अवघड जातो. तो शांततेत जाऊ द्या, घाईने भरून काढू नका.

जागाही महत्त्वाची. समोरासमोर बसवून, दार लावून, ‘आपल्याला बोलायचंय’ म्हटलं की चौकशी लागल्यासारखं होतं. शेताच्या बांधावरून चालताना, गाडी धुताना, भाजी निवडताना, टपरीवर चहाचा दुसरा कप घेताना, असं एका दिशेला तोंड करून बोलणं पुरुषांना पेलतं. दारू घेतलेली असताना मात्र हा विषय काढू नये.

आणि ज्याची सगळ्यांत जास्त भीती वाटते तो प्रश्न सरळ विचारावा: ‘जीव द्यावा असे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही समजूत खोटी आहे. संशोधनातही तसं आढळलेलं नाही. उलट इतके दिवस एकट्याने धरून ठेवलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की खांदे खाली येतात. ‘तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरलेलं आहे.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे दोन प्रश्न: ‘कसं, कधी, असं काही ठरवलंय का?’ आणि ‘आज रात्री स्वतःला सांभाळता येईल का?’ ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल, किंवा दुसऱ्या प्रश्नावर तो अडखळला, तर एकटं सोडायचं नाही. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, अथवा सरळ जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घालत असेल तर ती घेऊ नका. ‘चारचौघांत सांगणार नाही, पण तुला वाचवायला लागेल त्याला सांगेन’ असं म्हणा.

न बोलायची वाक्यं: ‘पुरुषासारखा पुरुष असून...’, ‘लोकांचं बघ, त्यांना किती त्रास’, ‘बायका-पोरांचा विचार कर’.

नीरभोवरा
शेवटच्या वाक्याबद्दल थोडा मतभेद. मुलांच्या आठवणीने थांबलेले लोक असतात. ते वाक्य सरसकट वाईट कसं?

तिठा
तो स्वतः म्हणाला की ‘पोरीकडे बघून थांबलो’, तर तो धागा धरून ठेवायचा. तिच्याबद्दल विचारायचं, तिचा फोटो बघायचा. पण आपण सुनावलं की अर्थ उलटतो. खोल नैराश्यात माणसाला खात्रीने वाटत असतं की आपण घरावर ओझं आहोत, आपण नसलो तर त्यांचं बरं होईल. तेव्हा ‘त्यांचा विचार कर’ म्हटलं की तो म्हणतो, तोच तर करतोय. त्यापेक्षा ‘तू आम्हाला हवा आहेस’ हे साधं वाक्य म्हणा. मराठी घरांत ते कुणी कुणाला म्हणत नाही, म्हणूनच ते पोचतं.

सदाफुली
पटलं. यात बाळंतपणानंतरचे बाबाही धरा. साधारण दहातल्या एका नव्या बापाला नैराश्य येतं. सगळं लक्ष बाळ-बाळंतिणीकडे असतं, ते योग्यच आहे, पण लसीकरणाला आलेल्या बापाला ‘तुमची झोप कशी आहे?’ एवढं विचारायला काय जातं?

ओसरी
फोनबद्दल लिहितो. टेली-मानस, १४४१६. लागला नाही तर १-८००-८९१-४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फोन लावला की आधी यंत्राचा आवाज येतो आणि भाषा निवडायला सांगतो. पुष्कळ जण इथेच ठेवून देतात, त्यांना वाटतं की रेकॉर्डिंगच आहे. थांबा, भाषेचं बटण दाबा, मग माणूस येतो. तो प्रशिक्षित समुपदेशक असतो. गरज वाटली तर तो पुढे मानसशास्त्रज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जोडतो आणि जिल्ह्यात प्रत्यक्ष कुठे जायचं तेही सांगतो.

काय बोलायचं सुचत नसेल तर कागदावर तीन ओळी लिहून घ्या: किती दिवसांपासून, झोप-जेवणाचं काय, आणि सगळ्यांत वाईट विचार कोणता येतो. ‘मला बोलायला जमत नाही, वाचून दाखवतो’ म्हटलं तरी चालतं. घरचा माणूसही फोन करू शकतो, रुग्ण तयार नसला तरी. ‘नवरा डॉक्टरकडे यायला तयार नाही, मी काय करू’ यासाठीही फोन करा.

वेशीवरचा_पार
आणि प्रत्यक्ष कुठे? सगळ्यांना वाटतं मनोविकार म्हणजे येरवडा किंवा ठाणे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत, पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, पण शंभरातल्या नव्वद जणांना तिथे जायची गरजच नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार ओपीडी असते. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था.

तिथे काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. सकाळी लवकर जा. खिडकीवर आधार कार्ड दाखवून केस पेपर काढायचा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. खिडकीवर ‘कुठला विभाग’ विचारतात. मोठ्याने ‘मानसिक’ म्हणायची लाज वाटते आणि माणूस ‘जनरल’ म्हणून मोकळा होतो. मग मेडिसिनच्या रांगेत दोन तास, तिथून पुन्हा मनोविकारकडे चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘मनोविकार ओपीडी’ लिहून न्या आणि सरकवा.

आत डॉक्टर झोप, भूक, काम, व्यसन, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, जिवाचे विचार, एवढं विचारतात. शॉक, दोरखंड, कोंडून ठेवणं यांतलं काही नाही. सोबत गेलेल्याने थोडा वेळ बाहेर थांबावं. बायकोसमोर किंवा वडिलांसमोर पुरुष दारूचं आणि मरणाच्या विचारांचं खरं सांगत नाही.

खाजगीत जायचं तर दोन माणसांत गोंधळ नको. औषध लिहिणारे मनोविकारतज्ज्ञ एमडी, डीएनबी किंवा डीपीएम असतात. बोलून उपचार करणारे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. ‘माइंड कोच’ अशी पाटी लावून औषध बंद करायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

खलबत्ता
औषधांचं मी लिहितो, कारण अर्धे पुरुष पहिल्याच महिन्यात सोडतात.

नैराश्याला सुरुवातीला बहुधा एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गटातलं औषध देतात. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी होते. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस सहाव्या दिवशी ‘मला सोसत नाही’ म्हणून पाकीट फेकतो. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते. बेचैनी फारच वाढली किंवा मरणाचे विचार जास्त यायला लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरला फोन करावा.

दुसरं कारण कुणी बोलत नाही. या औषधांनी लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, वीर्यस्खलनाला उशीर लागू शकतो. पुरुष हे डॉक्टरला सांगत नाही, बायकोलाही नाही, गोळी गुपचूप बंद करतो. सांगा. मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, ज्यात हा त्रास कमी असतो असं दुसरं औषध देता येतं.

तिसरं, बरं वाटल्यावर बंद करणं. बरं वाटायला लागल्यापुढे निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवावं लागतं, आणि थांबवताना हळूहळू उतरवावं लागतं. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, अंगातून वीज गेल्यासारखे झटके असं होतं आणि लोक म्हणतात, ‘बघा, सवय लागली.’ या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. व्यसन लागतं ते झोपेच्या म्हणून घेतलेल्या अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांचं. त्या जुन्या चिठ्ठीवर आणत राहू नका, आणि दारूसोबत तर कधीच नाही. श्वास मंदावतो.

नीरभोवरा
दारूचा विषय निघालाच आहे. घरचे आधी म्हणतात, ‘दारू सोड, मग बघू.’ नैराश्य आणि दारू एकमेकांना धरून असतात, उपचार दोन्हींचा एकत्र लागतो.

आणि हे नीट वाचा: वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. बाटली ओतून दिली, खोलीत कोंडलं, देवाची शपथ घातली, आणि पहिल्या दिवसापासून हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. यात जीव जातो. हे डॉक्टरच्या देखरेखीखाली, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) आणि उतरत्या मात्रेच्या औषधांवर करायचं काम आहे. मग पुढचा टप्पा: पुण्यात १९८६ पासूनचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, शिवाय अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा मराठीत आणि मोफत असतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन.

पिणं अपायकारक झालंय पण अजून या थराला गेलेलं नाही, अशांसाठी चांगली गोष्ट गोव्यात झाली. संगथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून, अपायकारक पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांची वेगळी पद्धत होती. दोन्हींचा उपयोग झाला आणि निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले.

तिठा
त्या नैराश्यवाल्या पद्धतीचा गाभा घरीही वापरता येतो. ‘बरं वाटलं की करीन’ हे उलटं करायचं, आधी करायचं. पण काम बारीक पाहिजे आणि त्याला वेळ पाहिजे. ‘व्यायाम सुरू कर’ नव्हे, ‘साडेसहाला चप्पल घालून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन ये’. झालं की वहीत बरोबरची खूण. नाही झालं तर काम मोठं होतं, उद्या कोपऱ्यापर्यंतच. आठवड्यात एक काम असं ठेवा ज्यात दुसरा माणूस लागतो.

वेशीवरचा_पार
शेतकरी घरांसाठी. विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे. आशाताई घरभेटीत प्रश्नावलीतून ताण ओळखतात आणि पुढे पाठवतात. गावात कुणाबद्दल काळजी वाटली तर आशाताईला सांगणं हा सगळ्यांत जवळचा रस्ता, आणि ‘डॉक्टरकडे चल’ म्हटल्यावर समोरून उठून निघून जाणारा माणूसही तिच्याशी बोलतो.

दुसरं, फवारणीचं औषध घरात ठेवू नका. मरणाची ऊर्मी बहुतेक वेळा लाटेसारखी येते, काही मिनिटांची, काही तासांची. त्या वेळात साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे त्या वाटेला जात नाहीत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. आपल्याला करता येईल ते एवढं: एका फवारणीपुरतंच आणा, उरलेलं शेतातल्या कुलुपाच्या पेटीत, किल्ली दुसऱ्याच्या घरी. काही घडलंच तर घरगुती उपाय नको, उलटी काढू नका, डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

पाणंद
कर्जाचं कुणी लिहिलं नाही. तरुण मुलांत तर ॲपवाल्यांचे फोन हेच कारण.

ओसरी
बरोबर. समुपदेशनाने हप्ता फिटत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी धरावं लागतं. रात्री डोक्यात फिरणारी रक्कम आधी कागदावर उतरवा: कुणाचं, किती, व्याज किती, कागद आहे की तोंडी. कागदावर आकडा डोक्यातल्यापेक्षा बहुधा लहान निघतो, आणि निदान त्याला शेवट दिसतो. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तक्रार आधी बँकेकडे, दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ॲपवाले फोटो बदलून पाठवायची धमकी देत असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक. स्क्रीनशॉट आधी काढा, ॲप नंतर उडवा. मोफत कायदेशीर मदतीला १५१००.

सुपारीबाग
कायद्याची भीती अनेकांना थांबवते, म्हणून थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, शिक्षा नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत नाही. त्यामुळे ‘पोलीस केस होईल’ म्हणून रुग्णालयात न्यायला उशीर करू नका. उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, ऑफिसला परस्पर कळवता येत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं, हेही याच कायद्यात. मात्र प्रस्तावात आधीचा उपचार लपवला तर दावा अडतो. आणि बहुतेक पॉलिसींत भरती होण्याचा खर्च मिळतो, ओपीडीचा नाही.

परदेशातल्यांसाठी: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४. व्हिसावर परिणाम होईल या धास्तीने तिथले पुरुष पुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडून व्हॉट्सॲपवर गोळ्या विचारतात. ते करू नका, रक्तदाब, झोप, मात्रा यांवर लक्ष ठेवणारा डॉक्टर तिथलाच लागतो.

पाणंद
शेवटचा प्रश्न. माणूस तयार झाला, पण आज शनिवार संध्याकाळ आहे आणि तो म्हणतो सोमवारी जाऊ. दोन रात्रींचं काय?

तिठा
जिवाचा धोका वाटत असेल तर सोमवार नाही, आत्ताच, अपघात विभाग रविवारीही उघडा असतो. तसं नसेल तर त्याच्यासोबत बसून एक कागद करा. वर त्याच्याच शब्दांत: त्रास वाढतोय हे मला कशावरून कळतं. खाली: तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, मग कुणाकडे जाऊन बसू शकतो, मग कुणाला फोन करीन. दोन नावं घरची, एक बाहेरचं, शेवटी १४४१६. फोटो काढून त्याच्या मोबाईलमध्ये, एक प्रत तुमच्याकडे. घरातल्या जादा गोळ्या, फवारणीचं औषध त्याच्या देखत, त्याला सांगून दुसरीकडे हलवा, चोरून नको. रात्री दार आतून लावायचं नाही असं ठरवा आणि त्याच खोलीत कुणीतरी झोपा. दारू नाही. रविवारी दुपारी एक माणूस गप्पांना बोलवा, उपदेशाला नको. सोमवारी केस पेपरसाठी आधार कार्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि नऊ प्रश्नांचा कागद रविवारी रात्रीच पिशवीत भरून ठेवा. सकाळी शोधाशोध झाली की ‘राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायला त्याला जागा मिळते.